तरोट्याची मोठी वाटी

मंगळवार, रात्री

सासूबाई आल्या, सुखरूप आल्या. पण किती उशीर!

सगळं त्या वाटीपायी. मला दिवस गेल्यापासून नर्सबाई सांगतात, रोज एक वाटी शिजलेली पालेभाजी खा. त्यांनी दाखवलेली वाटी लहानशी होती. सासूबाईंनी घरातली वरणाची मोठी वाटी काढली. तरोट्याची रानभाजी शिजली की एवढीशी होते, म्हणून ती वाटी भरायला टोपलंभर पाला लागतो. तळ्याच्या पाळीवरचा संपत आला, म्हणून आता सासूबाई जंगलाच्या कडेला जातात. तिथंच आज सकाळी गुराख्याला वाघाच्या पंजाचे ठसे दिसले.

हे मला कळलं, तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. मग मी दारातच उभी. पाला खुडायला खाली बसावं लागतं. बसलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं म्हणतात. हे का आठवावं मला तेव्हाच?

आल्या तशी म्हटलं, "आई, नर्सबाईची वाटी लहान होती. एवढं नाई लागत मले."

"तुले काय समजते? दोन जिवांचं आहे. खाय."

खाल्लं. भाताचा गंज, ते मोठं पातेलं, आणि बाकी भांडी घासून झाल्यावर ती वाटी तांदळाच्या कोठीत खोल पुरून टाकली. वाटलं, उद्या लहान वाटी घेतील, पाळीवरच्या उरल्यासुरल्या पाल्यात भागेल.

आत्ताच चुलीपासून आवाज आला, "वाटी कुठी गेली वो? राहू दे, उद्या भाताचा गंज भरून भाजी करतो."