मी कापलेली ओळ

प्रिय आई,

डब्यांची वही मी मागून उघडली नसती, तर हे पत्र लिहिलं गेलं नसतं. पत्र लिहिणारी मुलगी मी नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तू गेलीस त्या दिवशी सगळे सांगत होते, रड गं, मोकळी हो. मी हॉस्पिटलचे कागद तारखेप्रमाणे लावत बसले होते.

बाबा आखातातलं आपलं देऱ्याचं घर सोडतायत. मागच्या शनिवारी आम्ही दोघांनी स्वयंपाकघर आवरलं. तुझे सगळे डबे, झाकणांवर रंगवलेल्या नंबरांसकट, खोक्यांत भरले. वही सहज चाळली. पुढच्या पानांवर डब्याच्या कुठल्या गिऱ्हाइकाला कांदा चालत नाही, कुणाला चपात्या मऊ लागतात, अशा तुझ्या नोंदी. आणि सगळ्यात शेवटच्या पानावर, तुझ्याच टपोऱ्या अक्षरात, आपल्या मालिकेतले शब्द!

आपली मालिका. अमेरिकेतल्या एका लहान गावात काळ्या लोकांचं एक चर्च, त्याचं गळकं छप्पर, त्याचा पास्टर, गाणाऱ्या बायका, मोठमोठ्या टोप्या आणि दर भागात एक नवं भांडण. तुला ती कुणी सांगितली, आठवतं ना? मर्सीनं. आपल्या बिल्डिंगची सिक्युरिटी गार्ड, केनियाची. तिच्याकडे मामा म्हणजे आई, आणि बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून ती तुला ‘मामा ऋचा’ म्हणायची. बाबा काय खूश झाले होते! "म्हणजे ऋचाचा मामा. म्हणजे माझा मेव्हणा! इतकी वर्षं मी मेव्हण्याच्या हातचं जेवतोय तर!"

मर्सी तुला म्हणाली होती, अमेरिकेचं चर्च वेगळं आणि आमचं वेगळं, पण मागच्या बाकांवरच्या बायका दोन्हीकडे त्याच. तेवढ्यावर तू मालिका लावलीस. पण त्यांचं इंग्रजी धावायचं. मला फोन केलास, "तू ऑफिसात दिवसभर लोकांसाठी अक्षरं चिकटवतेस, मग माझ्यासाठी चिकटव की मराठीत."

माझं इंजिनिअरिंग आणि नंतरची सबटायटलची नोकरी, सगळ्याचा तू काढलेला हा सारांश. फार चुकीचा नव्हता.

मग दर आठवड्याला एक भाग मी मराठी सबटायटल घालून पेनड्राइव्हवर आणायचे. शनिवारी दुपारी मेट्रोनं देऱ्याला यायचं, तू खाली पेपर पसरून मेथी निवडत बसायचीस, बाबा खुर्चीत. पहिल्याच भागात माझी फजिती झाली. चर्चमधले सगळे एका बाईला ‘फर्स्ट लेडी’ म्हणत होते. मी लिहिलं, ‘देशाची प्रथम महिला’. तू चष्मा वर सरकवलास. "अगं, देशाची प्रथम महिला चर्चच्या तळघरात बटाट्याचं सॅलड का ढवळतेय?"

दुसऱ्या दिवशी तू खाली जाऊन मर्सीला विचारून आलीस. फर्स्ट लेडी म्हणजे पास्टरची बायको. "म्हणजे पाद्रीणकाकू! सरळ तसं लिही ना." मी लिहिलं. कबूल करते, माझ्या इंजिनिअरिंग झालेल्या डोक्याला तो शब्द सुचला नसता.

पण एका गोष्टीवर आपलं कधी जमलं नाही. पास्टर बोलायला लागला की मागून लोक सतत काहीतरी म्हणत. कुणी ‘वेल’, कुणी ‘सांग, सांग’, कुणी नुसतंच हुंकारल्यासारखं. मी ते सगळं कापायचे. आमच्या कामाचा नियमच तसा आहे. एका वेळी दोन ओळी, सेकंदाला ठरलेली अक्षरं, आणि महत्त्वाचं बोलणं आधी. मागचा आवाज म्हणजे गोंगाट.

तू दर वेळी विचारायचीस, "मागून काय म्हणाले ते?"

"काही नाही गं. नुसतं हो हो करतात."

"नुसतं कसं? हुंकाराशिवाय गोष्ट पुढे जाते का?"

तुझं हे हुंकाराचं वेड! फोनवरही तेच. मी ऑफिसातून तुझं बोलणं ऐकायचे, माझा आवाज म्यूट करून, समोरच्या स्क्रीनवर काम चालू ठेवून. मी ऐकत नव्हते असं नाही, आई. तू सांगितलेलं सगळं मला पाठ असायचं. पण इकडून काही आवाज जायचा नाही, आणि तू मध्येच थांबायचीस. "हूं तरी म्हण गं. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं." मी म्यूट काढून म्हणायचे, "ऐकतेय, बोल." आणि परत म्यूट. हूं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी त्याचा हिशोब कधी केला नाही. बाकी सगळ्या गोष्टींचा केला.

तिसऱ्या सीझनमधला तो भाग. शहरातून हरून परत आलेली मुलगी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहते. आपल्यावर काय गुदरलं ते तिला सांगायचं असतं. तोंड उघडते आणि शब्दच फुटत नाही. मागच्या बाकावरून पांढरे हातमोजे घालणारी म्हातारी म्हणते, "टेक युअर टाइम, बेबी." आणि लगेच मालिकेतला तो रेकॉर्ड केलेला हशा येतो, कारण म्हातारी हे म्हणतानाच पर्समधून सँडविच काढत असते.

मी ती ओळ कापली. बोलणारी बाई पडद्याच्या कडेला, वर हशा. म्हणजे विनोद. विनोदाला सँडविच पुरेसं आहे, असं मी ठरवलं.

तू विचारलंस, "काय म्हणाली हातमोजेवाली?"

"उगाच काहीतरी. पुढे बघ."

तू पुढे बघितलंस. पण वहीत ते सगळं आहे! मी कापलेलं एकेक तू मर्सीकडून समजून घेतलंस, देवनागरीत लिहिलंस, समोर अर्थ. ‘वेल – हं, मग?’ ‘हेल्प हिम लॉर्ड – प्रवचन रंगत नसलं की म्हणतात. (ह्यांना लागू.)’ आता कळलं, बाबांनी शारजाच्या बंद पडलेल्या बसची गोष्ट विसाव्यांदा काढली की तू हात जोडून ‘हेल्प हिम, लॉर्ड’ का म्हणायचीस! बाबांना वाटायचं, बायकोला कौतुक आहे.

आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: ‘टेक युअर टाइम – घाई करू नकोस, आम्ही बसलोय ऐकायला. (माणूस अडखळलं की.)’

वही हातात घेऊन मी तशीच खाली मर्सीकडे गेले. तिनं पान बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मग तिनं जे सांगितलं ते तुला माहीत आहे, पण मला माहीत नव्हतं. तू एका सकाळी डबे खाली आणताना तिला विचारलं होतंस, "माझी मुलगी फोनवर काहीतरी सांगायला लागते आणि थांबते. अशा वेळी मी काय म्हणू? मी विचारत सुटले तर ती आणखी मिटते." मर्सी म्हणाली, "विचारू नकोस, मामा ऋचा. टेक युअर टाइम म्हण. आणि गप्प बस." तू तिच्यासमोर तीनदा म्हणून बघितलंस. ‘टाइम’ लांबवायचा, असं तिनं तुला शिकवलं.

तो फोन, आई. एप्रिलमधला, मंगळवार दुपारचा. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते.

"आई, एक सांगायचं होतं."

"सांग ना."

"सौरभ..." मी म्हटलं, आणि पुढे काही येईना.

तू थांबलीस. मग एकदम इंग्रजीत, शब्द सुटे करत, ‘टाइम’ लांबवत म्हणालीस, "टेक युअर टाइम, बेबी."

मला फक्त त्या भागातला तो हशा ऐकू आला. वाटलं, मी काय सांगतेय आणि हिला मालिकेची नक्कल सुचतेय! मी म्हटलं, "आई, थट्टा नको. मीटिंग आहे. खलास, पुरे आता, नंतर बोलू." आणि फोन ठेवला.

नंतरच्या अकरा दिवसांत मी कामाचं निमित्त सांगून शनिवारीही आले नाही; आपले फक्त चार फोन झाले. चारही डब्यांविषयी आणि बाबांच्या गोळ्यांविषयी. बाराव्या दिवशी तू सकाळी ओट्याजवळ पडलीस, आणि हॉस्पिटलमध्ये पुन्हा बोलली नाहीस.

मर्सीनं त्या मंगळवारनंतर तुला विचारलं होतं म्हणे, सांगितलं का तिनं? तू म्हणालीस, "नाही. पण थांबली होती. सांगेल, इन्शाल्ला."

तुला कळलं होतं! मग सरळ का नाही विचारलंस? ‘ऋचे, काय लपवतेयस’ म्हणून खडसावलं असतंस तर? दहावीला गणितात कमी मार्क पडले तेव्हा खडसावलंस ना? एवढा एकच राग आहे माझा तुझ्यावर. तोही टिकत नाही, कारण खडसावल्यावर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. ‘काही नाही’ म्हटलं असतं.

तर आता सांगते. सौरभशी ठरलेलं माझं लग्न मार्चमध्येच मोडलं. त्यानं टोरांटोची नोकरी मला न विचारता घेतली. मी भांडले नाही. ‘ओके’ म्हटलं. तो म्हणाला, "तुझ्याशी बोलताना मला कळतच नाही तू ऐकतेयस की नाही." भिंतीशी बोलणारी तू एकटी नव्हतीस, आई. तो महिनाभर तू फोनवर लग्नाच्या जेवणात जिलबी ठेवायची की श्रीखंड हे मला विचारत होतीस, आणि मी म्हणत होते, तुला हवं ते ठेव.

तुझ्या अंत्यविधीला सौरभ का आला नाही, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, टोरांटोत आहे, व्हिसा अडकलाय. वाक्य खरं वाटण्याइतकं छोटं होतं. सात महिने ते तसंच चालू आहे.

आणि म्हणून हे पत्र आज. बाबा घर सोडतायत, पण माझ्याकडे येत नाहीत. परवा चहा पिताना म्हणाले, "मी मिरजेला दादाकडे जाईन म्हणतो."

"का? माझ्याकडे दुसरी खोली आहे."

"आहे गं. पण उद्या सौरभ येईल, तुमचा संसार सुरू होईल. त्यात सासरा कशाला? तुझी आई असती तर गोष्ट वेगळी होती, तिची निदान स्वयंपाकाला तरी मदत झाली असती."

बघ ना! तीस वर्षं ज्या शहरात काढली ते शहर बाबा सोडून चाललेत, येणारच नाही अशा माणसाला जागा करून द्यायला. तिकीट अजून काढलेलं नाही. पुढच्या आठवड्यात काढतील. मी तेव्हाही कपात बघत बसले. तू असतीस तर मेथीची काडी माझ्याकडे फेकून म्हणाली असतीस, "अगं, माणूस बोलतोय!"

काल मी तो भाग पुन्हा उघडला. ओळ परत घातली: ‘घाई नको, बाळा. आम्ही आहोत इथं.’ सॉफ्टवेअरनं ती लाल केली, अक्षरं जास्त होतायत म्हणून. ‘आम्ही आहोत इथं’ काढलं तर बसते. नाही काढलं. माझ्या कामात लाल ओळ तशीच सोडून मी पहिल्यांदा फाइल बंद केली.

नंतर बाबांचा फोन आला. शारजाची बस. मी म्यूटवर बोट नेलं आणि मागे घेतलं. बस बंद पडली, मी म्हटलं, "हूं." ड्रायव्हर खाली उतरला, मी म्हटलं, "मग?" बाबा थबकले. "काय गं, रेंज नाहीये का? एरवी येत नाही, आज मध्येमध्ये आवाज येतोय तुझा."

"आहे, बाबा. बोला तुम्ही."

आई, ती गोष्ट मी आजवर शेवटपर्यंत ऐकलीच नव्हती. त्या बसमध्ये तू होतीस! मी पोटात होते, आणि बाबा रस्त्यावर उतरून हात करून गाड्या थांबवत होते. तुला हे विसाव्यांदाही ऐकायचं असायचं, आणि मी मात्र मोजत होते.

तुला वचन देते. या शनिवारी दुपारी, देऱ्याच्या त्या रिकाम्या खोलीत, बाबांनी तिकीट काढायच्या आधी, मी त्यांना सौरभचं सगळं सांगेन. व्हिसाचं खोटं होतं, हेही. आणि म्हणेन, मिरजेला जाऊ नका, माझ्याकडे चला.

मी मध्ये अडखळेन, ते नक्की. बाबांना काय म्हणायचं ते माहीत नाही, ते घाबरून पाणी आणायला धावतील. तेव्हा मागच्या बाकावरून तू तेवढं एक म्हण. ‘टाइम’ लांबव, मर्सीनं शिकवलं तसं.

या वेळी मी ते कापणार नाही.

तुझी, उशिरा हूं म्हणणारी,
ऋचा