तळहातावरचं मीठ

बुधवार, १२ नोव्हेंबर
दुपार

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. थंडी पडल्यापासून तुझ्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा त्या जास्त कुरकुरतात, एवढं सोडलं तर घरात सगळं ठीक. माझंही काम चालू आहे. शाळेसमोर चष्म्याचं नवं दुकान निघालंय, त्याची पाटी परवा रंगवून लावली. दुकानदार म्हणतो, "आजोबा, अक्षर जरा मोठं काढा, आमच्या गिऱ्हाइकांना दिसत नाही." म्हटलं, "दिसलं असतं तर ते तुमच्याकडे आले असते का?" हसला बिचारा आणि चहा पाजला.

रविवारी तुमच्याकडे जेवून निघालो तेव्हा तू मला दारापर्यंत सोडायला आलीस. मी "छान होतं गं सगळं" म्हणालो, तर तू माझा हात धरून म्हणालीस, "तसं नको, बाबा. घरी जा, नीट विचार करा आणि लिहून कळवा. तुम्हाला तोंडावर खोटं बोलता येतं, लिहून नाही येत." हे तुला गुंड्यानंच सांगितलं असणार. आपल्या बापाची सगळी बिंगं त्यानं तुझ्यापाशी फोडून ठेवली आहेत.

जागामालकाला महिनाअखेर उत्तर द्यायचंय, हे माझ्या लक्षात आहे. गुंड्याचं ते फ्रेंच जेवणाचं बिस्ट्रो चालू ठेवायचं की त्याला कुलूप लावायचं, ते तू माझ्या जिभेवर सोपवलंस. म्हणून तर हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तीनदा चष्म्याच्या दुकानापाशीच अडलं.

आधी चांगलं सांगतो. गुंड्या गेल्यापासून मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हा वाटलं होतं धूळ दिसेल, पडदे मळलेले असतील. तसलं काही नाही. काचा लख्ख. टेबलावरचे कागद ताठ. दारावरची पाटी मीच रंगवलेली, हिरव्यावर पिवळी, ती अजून उडालेली नाही. पाव तर असा, की वरचं कवच मोडलं तर शेजारच्या टेबलावर आवाज जावा, आणि आत कापसासारखा. तुमच्या वाढणाऱ्या मावशी लोणी ठेवून गेल्या आणि मी जेवण यायच्या आधीच अर्धी टोपली संपवली. तुझ्या सासूबाई बरोबर असत्या तर टेबलाखालून लाथ बसली असती.

त्या का आल्या नाहीत, ते तू विचारलं नाहीस. बरं केलंस.

मग मी फळा पाहिला.

आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर तो काळा फळा आहे, त्यावर गुंड्याच्या हातचं लिहिलेलं. कांद्याचं सूप, वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी, बदकाची तंगडी, सफरचंदाचा टार्ट. मी मावशींना विचारलं, "बदक आहे?" त्या म्हणाल्या, "नाही, ते नुसतं फळ्यावर आहे."

मी उठून जवळ गेलो. अगं, माझा जन्म अक्षरांत गेला. शाळा सुटली ती सुटलीच, पुढचं सगळं मी दुकानांच्या पाट्या वाचून आणि त्यांच्यावरून काढून शिकलो. मला फसवता येत नाही. तू रोज सकाळी त्याच्या अक्षरावरून खडू फिरवतेस. पुसलं जाऊ नये म्हणून. हो ना? पण गिरवलेलं अक्षर फुगत जातं, सूनबाई. वळण बोथट होतं. गुंड्याचं अक्षर बारीक होतं, उजवीकडे पळणारं. फळ्यावरचं आता जाड झालंय आणि जागच्या जागी उभं आहे. लांबून त्याचंच वाटतं. जवळून ते कुणाचंच नाही.

तिथे सगळी माणसं हळू बोलतात, हे तुझ्या लक्षात आलंय का? गुंड्या असताना तिथे किती कलकलाट असायचा! आता जसं काही कुणी आत झोपलंय. खुंटीवर त्याचा अ‍ॅप्रन धुऊन, इस्त्री करून टांगलेला. स्वयंपाकघराच्या अर्ध्या दारावरून चुलीपाशी त्याचं ते उंच स्टूल दिसतं, आणि तू त्याला वळसा घालून ये-जा करतेस. रिकाम्या स्टुलाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरतेस.

सूप आलं. वर चीज छान खरपूस भाजलेलं, खाली पावाचा तुकडा, कांदा मधासारखा. रंग असा की पाटीवर घ्यावा. मी पहिला चमचा घेतला आणि पाण्याचा पेला उचलला.

जरा थांबतो. सासूबाई चहा ठेवताहेत.

हं. तर, शेजारच्या टेबलावर एक जोडपं बसलं होतं. तिकडेही सूपच. बाईनं दोन चमचे घेतले आणि वाडगा ढकलला. नवरा कुजबुजला, "अगं, संपव गं. बिचारीचा नवरा गेलाय." तर ती म्हणते कशी, "मला माहीत आहे. म्हणून दर महिन्याला येऊन मीच किती शिक्षा भोगायची?" आणि तेवढ्यात तू दारात आलीस, तर दोघांनी एकदम माना डोलावल्या. "अप्रतिम हं! अगदी त्यांच्या हातचं!" तुझा चेहरा किती खुलला. मी पाहत होतो.

ते खोटं बोलत नव्हते. अगदी त्याच्याच हातचं होतं. म्हणूनच मी हे पत्र लिहू शकत नव्हतो.

सूनबाई, सूप खारट होतं. कोंबडीही खारट होती, सॉस तर इतका की मी पावानं टिपून घ्यायला गेलो आणि पाव तसाच ठेवला. आणि तो खारटपणा मला ओळखीचा होता. नेमका तेवढाच, तसाच. शेवटच्या उन्हाळ्यातला.

आठव. औषधांनी त्याच्या जिभेची चव गेली होती. त्याला उभं राहवेना, म्हणून ते उंच स्टूल आणलं. तोवर तू फक्त बाहेरचं बघायचीस, गिऱ्हाईक, टेबलं, फुलं. चुलीपाशी तू त्या उन्हाळ्यात आलीस. तो स्टुलावर बसून सांगायचा आणि तू करायचीस. आणि मीठ तो सांगायचा नाही, तुझा हात ओढून घ्यायचा आणि तळहातावर ठेवून दाखवायचा. "एवढं. हे लक्षात ठेव. एवढं." दर आठवड्याला ते "एवढं" वाढत होतं, कारण त्याला काहीच लागत नव्हतं. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर बसून जेवायचो. तो आतून ओरडायचा, "आई, मीठ?" आणि तुझ्या सासूबाई ओरडायच्या, "बरोब्बर!" आणि टेबलावर पाण्याचा मोठा जग असायचा. तू मावशींना म्हणायचीस, उन्हाळा आहे, पाणी जास्त लागतं.

त्यात काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. मरणाऱ्या स्वयंपाक्याला त्याची आई तुझी जीभ मेली असं सांगते का? तेव्हा तेच बरोबर होतं. फक्त तू आतल्या बाजूला उभी होतीस, आणि तुला ते "बरोब्बर" खरं वाटलं.

तू त्याच्या पदार्थांची चव घेत नाहीस ना गं? मला रविवारी ते कळलं. कसं, ते सांगतो, पण मावशींना बोलायचं नाही. शपथ आहे.

दुपारची गर्दी ओसरल्यावर मी हात धुवायला मागे गेलो. मावशी दाराआड बसून वाडग्यातलं काहीतरी खात होत्या. मला बघून उठायला लागल्या.

"बसा हो," मी म्हटलं. "काय आहे?"

"बटाट्याचं सूप. साधंच आहे. घ्या ना चमचाभर."

मी घेतलं. मग अजून एक घेतलं. तिसऱ्याला मावशींनीच वाडगा माझ्याकडे सरकवला. वर लोण्याचा तुकडा, भरडलेली मिरी आणि मीठ असं की आहे हे कळू नये आणि नसतं तर चुकलं असतं.

"हे फळ्यावर का नाही?"

"छे! हे आमचं. बाई रोज आमच्यासाठी काहीतरी वेगळं करतात. फळ्यावरचं आम्ही कुणीच खात..." आणि त्यांनी जीभ चावली. मग पदर शोधावा तसा रुमाल शोधत म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही सांगा ना त्यांना. आमच्यानं नाही होत. हे करताना त्या दहा वेळा चमचा तोंडात घालतात. ते करताना एकदाही नाही. हातावर मीठ घेतात, डोळे मिटतात आणि टाकतात."

तर हे असं आहे. तुझी जीभ उत्तम आहे. तुला वाटतंय तू त्याचा हात जपते आहेस. पण तू जे जपते आहेस ते त्याचं आजारपण आहे, सूनबाई. त्याचा हात नाही. माझा गुंड्या स्टुलावर बसणारा नव्हता. तो उभा राहून गाणारा होता, आणि त्याच्या सूपमध्ये मीठ कमीच असायचं. त्यावरून मी त्याला किती छळलंय!

घरी आलो तो चपला न काढताच पाण्याच्या पिंपापाशी गेलो. एक पेला, दुसरा, तिसरा. मागे वळलो तर तुझ्या सासूबाई उभ्या. त्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अजून तसंच?" आणि आत जाऊन बसल्या. रात्री जेवल्या नाहीत.

आता जे लिहायचं नव्हतं तेही लिहितो, कारण लिहून मला खोटं बोलता येत नाही.

कोंबडी यायच्या आधी आतून आवाज आला. पळी पातेल्याच्या काठावर आपटल्याचा. टक-टक, जरा थांबून टक. मी उभा राहिलो. नुसता उभा राहिलो नाही, "आलो रे गुंड्या" म्हणालो. मोठ्यानं. शेजारच्या जोडप्यानं बघितलं, मावशी धावत आल्या, "काही हवंय का आजोबा?" म्हटलं, "पाणी." खाली बसलो तरी माझी मान त्या अर्ध्या दाराकडेच होती. खांदा दिसला, तो तुझा होता. मला माहीत होतं तुझाच असणार. तरी एक क्षणभर, सूनबाई, तो आत होता.

आणि मला वाटलं, हे असंच राहू दे. खारट तर खारट. मी दर रविवारी येईन, सगळं संपवीन, मोठा जग मागवीन आणि तो आवाज ऐकीन. तुला लिहीन, सगळं झकास आहे, दे जागामालकाला होकार, एका अक्षराला हात लावू नकोस. तू ऐकलंही असतंस. इतके दिवस पत्र झालं नाही, ते या मोहापायी.

पण मग तुझं ते अंग चोरून स्टुलाला वळसा घालणं आठवतं. तुझं वय काय! माझ्या कानांसाठी मी तुला त्या उन्हाळ्यात कोंडून ठेवू?

म्हणून माझा निकाल असा. कुलूप लावू नकोस. मालकाला हो म्हण. स्टूल मागच्या खोलीत टाक, नाहीतर मावशींना बसायला दे, त्यांचे पाय दुखतात. फळा ओल्या फडक्यानं पूस आणि पहिल्या ओळीत बटाट्याचं सूप लिही, तुझ्या अक्षरात, कसं का असेना. कांद्याचं सूप ठेवायचं तर ठेव, पण मीठ घालायच्या आधी डोळे उघडे ठेव आणि चमचा तोंडात घाल. पहिल्या चमच्याला रडू येईल. येऊ दे. दुसरा घे. पुसायचं एकटीच्यानं होत नसेल तर निरोप धाड, मी आणि तुझ्या सासूबाई दोघं येऊ. त्या येतील. मी विचारलं नाही, पण त्यांनी चांगली साडी बाहेर काढून ठेवली आहे.

ती टक-टक मात्र सोडू नकोस. ती त्याची नाही, माझी आहे. रंगाच्या डब्यावर ब्रश झटकायची माझी जुनी खोड, दोनदा आणि मग एकदा. तो रांगत होता तेव्हापासून ऐकत आला आणि त्यानं ती स्वयंपाकघरात नेली. त्याच्याकडून तुझ्या हातात आली. तिला कसलाही आजार झालेला नाही. ती तू ठेव.

मघाशी पत्र अडलं तेव्हा मी उठून एक फळी रंगवायला घेतली होती. ब्रश डब्यावर आपटला, टक-टक, टक. आणि आतून तुझ्या सासूबाईंनी "आले रे" म्हणून ओ दिली.

मला त्या कधी "अरे" म्हणत नाहीत. मी फळी रंगवत राहिलो. थोड्या वेळानं चहा घेऊन आल्या, तर ताटलीत दोन कप असायचे तिथे तीन होते. तिसरा मी प्यायलो. साखर बरोबर होती.

पहिली चव तू घे, मग आम्हाला बोलाव.

वाट बघणारा,
तुझा बाबा