मुंग्यांचे औषध आणि न्हाणीघरातला नळ

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कागदावर घालत असल्यामुळे आठही अंगे नीट टेकली आहेत, याची खात्री बाळगावी.) इकडे आई व मी सुखरूप आहोत. ‘सुखरूप’ हा शब्द या वेळी केवळ रिवाज म्हणून लिहिलेला नाही. तो का, ते पुढे येईलच. तुमची व मामींची प्रकृती कशी आहे? गेल्या पत्रात तुम्ही लिहिले होते की सकाळी अंघोळीच्या वेळी तुमच्या बोटांना मुंग्या येतात, डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या आहेत, आणि हा सगळा निवृत्तीनंतर हातातला खडू सुटल्याचा परिणाम आहे. त्या मुंग्यांची मला फार काळजी लागून राहिली आहे. विनंती विशेष आहेच, पण ती शेवटी करीन. कारण तुम्ही हाती घेतलेले कोणतेही लिखाण मधूनच सोडत नाही, या तुमच्या गुणावर हे पत्र उभे आहे. फोन केला असता, परंतु फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो मामा’ म्हणते, एवढेच आपले संभाषण होते. म्हणून पत्र हाती पाठवत आहे. ते घेऊन आलेल्या बाईंना कृपया बसायला सांगावे व पाणी विचारावे.

झाले असे की, आमच्या इमारतीच्या जिन्यात सूचना लागली: प्रत्येक घराने विजेची तपासणी करून घ्यावी व तसा कागद महिनाअखेर द्यावा. सूचना वाचताच मला तुमचे वचन आठवले, ‘बघायचे कसले पैसे? बघायला डोळे लागतात, आणि ते जन्मताच फुकट मिळतात.’ त्या वचनाला स्मरून मी फुकट तपासणी करणाऱ्या एका कंपनीला बोलावले. तिचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आला, पायात मोजेही जुळणारे होते, आणि वीस मिनिटांत त्याने आमच्या दोन खोल्यांत एकतीस दोष काढले. (दहावीच्या माझ्या उत्तरपत्रिकेतसुद्धा एवढे निघाले नव्हते.) एकतिसावा दोष भिंतीवरच्या घड्याळात होता. ते घड्याळ सेलवर चालते, हे सांगण्यासाठी मी मनातल्या मनात एक निर्दोष वाक्य तयार केले, पण ते तयार होईपर्यंत तो आकड्यावर पोहोचला होता. सगळी वायरिंग उखडून नवी करण्याचा तो आकडा ऐकून आई खाली बसली. तेवढ्या पैशांत एखादे छोटे ग्रंथालय उभे राहिले असते. मला नाही म्हणता येत नाही, हे तुम्ही जाणताच. मी ‘बरं’ म्हटले आणि सही करण्यापूर्वी करारपत्र वाचायला घेतले. वाचायला घेतले म्हणजे मी वाचतेच, तळातल्या मुंगीएवढ्या अक्षरांसकट. पाऊण तासाने मी नवव्या कलमावर होते, तेव्हा ‘ताई, तुम्ही परीक्षेला बसलाय का?’ असे म्हणून तो उठला व निघून गेला. माझ्या वाचनाचा घराला प्रत्यक्ष उपयोग झाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

कागद मात्र हवाच होता. मग वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी एका तपासनीस बाईंचे नाव सुचवले. या बाई पैसे घेतात. घराला किती बटणे, किती दिवे, किती जोडण्या, यावरून फी आधीच सांगतात. आमच्या घराची एका चांगल्या शब्दकोशाएवढी झाली. त्या दुरुस्ती स्वतः करत नाहीत आणि दुरुस्तीवाल्याचे नावही सुचवत नाहीत. तुमचा दुसरा नियम, ‘सांगतील त्याच्या निम्म्यावर ठाम राहा’, मला पाठ होता. मी आदल्या दिवशी घासाघिशीचे भाषण लिहून काढले, त्यात प्रस्तावना होती, तीन मुद्दे होते, समारोप होता. प्रत्यक्षात बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा प्रस्तावना व मुद्दे गळाले आणि नुसता समारोप तोंडातून निघाला: ‘तर मग निम्मे.’

बाईंनी पिशवी खाली ठेवली. ‘चालेल. निम्म्या पैशांत निम्मं घर बघते. कुठलं सोडू, सांग.’

मामा, मी भिडस्त आहे, पण विवेकी आहे. मी विचार केला आणि त्यांचे श्रम वाचावेत म्हणून अत्यंत सौजन्याने म्हणाले, ‘न्हाणीघर सोडा. तिथे एकच बटण आहे.’ हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. सुदैवाने आतून आईचा आवाज आला, ‘अगं, घराच्या वाटण्या करायला बोलावलंयस का त्यांना? पुरे पैसे दे आणि पुरतं बघू दे!’

बाईंनी पुरते पाहिले. बटणांची प्रत्येक फळी उघडून, बॅटरी दातांत धरून. दीड तासात त्यांच्या कागदावर एकही दोष उतरला नाही, आणि मला (लाज वाटते, पण लिहिते) शब्दकोश वाया गेल्यासारखे वाटू लागले. मी तसे बोललेही असावे (घड्याळाची हकीकत तर आधीच सांगून झाली होती), कारण त्या म्हणाल्या, ‘सापडलं तरी तेवढेच, नाही सापडलं तरी तेवढेच. दोषामागे पैसे घेतले असते तर मलाही तुमच्या घड्याळात दोष दिसला असता.’ मग त्या न्हाणीघरात गेल्या. गीझर चालू केला, नळाला टेस्टर टेकवला, आणि टेस्टरमधला दिवा लागला.

नळाला, मामा. ज्या नळाला आई रोज ओले हात लावते. आईने दारातूनच सांगितले, ‘अहो, मला तिथे मुंग्या येतात, पण त्यावर टॉनिक चालू आहे.’ बाई म्हणाल्या, ‘काकू, आजार गीझरला आणि औषध तुम्हाला, असं झालंय.’

कारण त्यांनी मला कागदावर काढून दाखवले. गीझरमधून चुकून बाहेर पडलेली वीज जमिनीत जावी म्हणून जी अर्थिंगची तार असते, ती आमच्याकडे नळाच्या पाइपला बांधलेली होती. पाइप लोखंडी होता तोवर वीज त्यातून जमिनीत जात होती. दोन वर्षांपूर्वी प्लंबरने लोखंडी काढून प्लास्टिकचे पाइप घातले. तार नळाजवळ उरलेल्या लोखंडी तुकड्याला तशीच राहिली, विजेची जमिनीत जायची वाट बंद झाली. आता गीझर आणखी थोडा बिघडता तर मुंग्यांवर भागले नसते. बाईंनी गीझर जागच्या जागी बंद करायला लावला, दोष एका ओळीत लिहिला आणि ठरलेली फी घेतली. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या वायरमनने नवी तार मीटरपर्यंत नेली व गीझरही दुरुस्त केला. आईच्या मुंग्या त्या दिवसापासून गेल्या. टॉनिकची अर्धी बाटली उरली आहे.

आता जे लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, ते लिहिते. ती तार बांधणारा हात तुमचा होता. आम्ही या घरात आलो तेव्हा वायरमनला द्यायला आईजवळ काही नव्हते, आणि तुम्ही शाळेची सुट्टी टाकून आठ दिवस स्टुलावर उभे राहून सगळे घर उजळलेत. माझ्या टेबलावरचा दिवा तुम्ही सर्वांत आधी लावलात. त्याखाली बसून मी पहिली आले. बाईंना मी यातले काही सांगितले नव्हते, तरी जाताना त्या आपणहून म्हणाल्या, ‘ज्यानं कुणी हे काम केलंय, त्याचा हात चांगला आहे. इतक्या वर्षांत एक सांधा सैल नाही.’ मला रडू आले. त्यांना वाटले, फीमुळे.

तुमच्या ऋणात राहणारी,
तुमची भाची

ता. क. तुमच्या घराची वायरिंग तुम्हीच त्याच हाताने, त्याच पद्धतीने केली आहे. आणि गेल्या पत्राच्या शेवटी तुम्ही अभिमानाने कळवलेत की यंदा सगळे पाइप प्लास्टिकचे करून घेतले. मुंग्या कधीपासून येतात, ती तारीख कृपया पडताळून पाहावी.

ता. क. दुसरा. हे पत्र घेऊन आलेल्या बाई त्याच आहेत. त्यांची फी मी माझ्या शिष्यवृत्तीतून पूर्ण भरली आहे, तेव्हा निम्म्याचा प्रश्न उद्भवत नाही. मामींना सगळे ठाऊक आहे. कालपासून गीझर ‘सुट्टीवर’ आहे आणि तुम्हाला अंघोळीचे पाणी गॅसवर तापवून मिळते आहे, ते उगीच नाही.

ता. क. तिसरा. दुसऱ्या पानाच्या सुमारास डोक्यावरचा पंखा थांबला असेल. वीज गेलेली नाही. मामींनी मीटरजवळचे मुख्य बटण बंद केले आहे. बाईंना तुम्ही बसायला सांगितलेत, त्याबद्दल आभारी आहे. आता वर पाहावे. खुर्ची रिकामी आहे. त्या न्हाणीघरात आहेत. बॅटरी धरायला जावे.