रेडियमच्या आठ सुया

१९ नोव्हेंबर १९४४, रविवार

आज चर्चमध्ये यांनी उपदेश अर्ध्यावर टाकला आणि खाली बसले! असं कधीच झालं नव्हतं. मंडळीला वाटलं, ठसका लागला. घरी आल्यावर यांचा रुमाल पाहिला — रक्त.

यांच्या जिभेच्या कडेला फोड आहे, हे मला भातलावणीपासून माहीत होतं. हळद लावली, मध लावला, कात लावला. "दात जिभेला घासतो गं," हे म्हणत राहिले. दात नाही हा.

२२ नोव्हेंबर

मिशनच्या दवाखान्यात बैलगाडीने गेलो. डॉक्टरसाहेबांनी जीभ बोटाने चाचपली, मग मान. बारीकसा तुकडा कापून बाटलीत घातला. तपासायला मुंबईला जाणार. परत येताना हे म्हणाले, "हन्ना, आईला सांगू नकोस."

सासूबाईंना न सांगताच कळलं. आम्ही घरी पोचलो तर भाकरीऐवजी पेज केलेली!

९ डिसेंबर

कर्करोग.

डॉक्टरसाहेबांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली, "बसा हन्नाबाई" म्हणाले — तेव्हाच समजले मी. रोग अजून मानेत उतरलेला नाही, म्हणतात. मुंबईला कॅन्सरचा मोठा दवाखाना आहे. तिथे रेडियमच्या सुया जिभेत टोचतात, आठवडाभर ठेवतात, त्याने रोग जळतो. जीभ कापावी लागू नये. "पण पास्टर इसहाकांचं बोलणं पूर्वीसारखं राहील, असं मला सांगता येणार नाही."

यावर हे म्हणाले, "मी जाणार नाही."

१० डिसेंबर, रविवार

मंडळीचे वडीलधारे घरी आले. यांच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यांतले जेठ्याभाऊ तर रडले. मनापासूनची प्रार्थना, माझ्याही अंगावर काटा आला. आणि मग तेच जेठ्याभाऊ — "आता मुंबईला गेलात, तर आजची प्रार्थना खोटी. मग विश्वास तरी कशाला म्हणायचं?"

यांनी मान डोलावली.

मी चहाचे कप उचलले. एक फुटला. फोडला म्हणा.

१३ डिसेंबर

आज यांच्याशी भांडले. देवा, क्षमा कर — पण जे बोलले ते परत घेणार नाही!

म्हटलं, "मागल्या साली धनसिंगची पोरगी तापाने फणफणली. तो तिला भगताकडे घेऊन निघाला होता. तुम्ही वाटेतून वळवून दवाखान्यात नेलंत. डॉक्टरच्या हातामागे देवाचाच हात असतो, असं तुम्हीच त्याला सांगितलंत. मग तो हात फक्त दुसऱ्यांसाठी का?"

हे म्हणाले, "विश्वासाचं नाही गं ते. भीती वाटते. बोलता येईनासं झालं तर मी कोण? मला धड नांगर धरता येत नाही. सतरा वर्षं बोलण्याचीच भाकरी खाल्ली."

भीती हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, "मुके होऊन घरी आलात तरी मला चालेल. पण या."

जाणार आहेत!

२५ डिसेंबर

नाताळ. उपासना जेठ्याभाऊंनी चालवली. माझ्याशी बोलले नाहीत.

२ जानेवारी १९४५

नवापूर स्टेशन. टांगेवाल्या मेहबूबला यांच्या दुखण्याचं कुणी सांगितलं कोण जाणे. वळकटी उतरवून ठेवली आणि म्हणाला, "पास्टर, घाबरू नका. तुमनाकरता मी बी दुवा मांगसू." यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. गाडी येईपर्यंत सोडला नाही.

९ जानेवारी, मुंबई

आज भूल देऊन सुया घातल्या. आठ. प्रत्येक सुईला दोरा, दोरे गालावर चिकटवलेले. नाकातून नळी, नळीतून दूध. बोलायचं नाही. रेडियमची बाधा दुसऱ्यांना होते, म्हणून खोलीत कुणी थांबायचं नाही — नर्सबाईसुद्धा लगबगीने येते आणि जाते. मला दिवसातून दोनदा, पाच पाच मिनिटं, तेही दारातून.

यांना लिहायला पाटी दिली आहे. तिच्यावर लिहिलं — प्रार्थना कर.

मी! आजवर प्रार्थना यांनी करायची आणि आमेन मी म्हणायचं. दारात उभी, मागून माणसं जातायत. म्हटलं, "बापा, हा तुझा माणूस आहे. माझाही आहे. नीट सांभाळ." पुढे सुचेचना. आमेन म्हणून टाकलं.

डोळे उघडले तर पाटी वर केलेली — चांगली झाली. गाल फुगलेले, तोंडात दोरे, आणि डोळे हसतायत.

१२ जानेवारी

जीभ सुजून ओठांबाहेर आली आहे. बघवत नाही. तरी बघते. माझी प्रार्थना रोज एका वाक्याने लांबते आहे.

१६ जानेवारी

सुया निघाल्या! नर्सबाईने ताटलीत मोजल्या, मी दारातून मोजल्या. आठ.

११ फेब्रुवारी, रविवार

घरी. तोंडभर व्रण. चव अजिबात नाही — गूळ आणि मीठ सारखंच. आई चमच्याने नागलीची पेज भरवतात, चाळिशीतल्या पोराला! आणि हेही मुकाट्याने आ करतात.

जेठ्याभाऊ आले. ओसरीवर बराच वेळ घुटमळले. काहीतरी मोठं बोलायचं होतं त्यांना. शेवटी म्हणाले, "शेळीचं दूध आणलंय." मी म्हटलं, "आत या, भाऊ." झालं, मिटलं.

२० मार्च

डॉक्टरसाहेबांनी पुन्हा बोटाने चाचपलं. "मऊ आहे. गाठ लागत नाही." दर तीन महिन्यांनी दाखवायचं, पाच वर्षं तरी लक्ष ठेवायचं. बाहेर मोहाच्या झाडाखाली बसलो. फुलं टपटप पडत होती. दोघंही रडलो, मग हसलो, मग पुन्हा रडलो. गाडीवान बिचारा बैलांकडे बघत बसला.

जीभ मात्र आखडली आहे. ळ आणि ण निघत नाहीत. र घरंगळतो.

१ एप्रिल, ईस्टर

नको म्हणत होते मी. तरी उभे राहिले. धुतलेला सदरा, हातात उपदेशाचा कागद. पहिल्याच वाक्यात "पुनरुत्थान" — अडकला. पुन्हा. पुन्हा. घाम फुटला. पुढे बसलेल्या दोन मुली फिसकन हसल्या. लेकरं ती, त्यांचा काय दोष! हे कागदाची घडी घालून खाली बसले. जेठ्याभाऊंनी गाणं सुरू केलं, म्हणून निभावलं.

घरी आल्यावर म्हणाले, "जीव वाचला, हन्ना. काम गेलं."

मी देवाला म्हटलं, जीव दिलास, आता या जिवाचं काय करायचं तेही सांग.

८ एप्रिल, रविवार

हे मागच्या बाकावर बसले.

१५ एप्रिल, रविवार

आज हे कुणाला न सांगता उपदेशाला उठले. कागद नाही. उपदेशाची ती मोठमोठ्या शब्दांची मराठीही नाही — घरात आईंशी बोलतात ती आपली मावची बोली, एकेक शब्द सुटा करून. "तो मेला होता. पुरला होता त्याला. तो उठला." असं पाचसात मिनिटं. कुणी हसलं नाही.

परत येताना आई बांधावर थांबल्या. माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "सतरा वर्षं पुढच्या रांगेत बसते गं मी. पोरगा काय सांगतो, ते आज कळलं."