शिकागो–मुलुंड, बावीस तास

गुरु. ७ फेब्रु. ८५
ट्रंक कॉल लागला एकदाचा, वरच्या पाध्येकाकींच्या फोनवर. सुधीरला म्हटलं, आईचं काही खरं नाही, ये. "शनिवारी संध्याकाळी सहाचं विमान मिळतंय, ताई. लंडनला बदलून बावीस तास धर." मग आवाज तुटला.

मधल्या सुट्टीत शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा लावून पाहिलं. शिकागो ते मुंबई तेरा हजार कि.मी. भरलं. मोजल्यावर उगाच बरं वाटलं. मोजून काय होतं?

शुक्र. ८
डॉ. येऊन गेले. "रविवारपर्यंत काढतील. पुढचं मी बोलत नाही." दवाखान्यात जायला आई तयार नाही. तिला सांगितलं, सुधीर रविवारी दुपारी चारला उतरतोय. बोटांवर मोजलं तिने. आज, उद्या, परवा. मग चार चमचे पेज घेतली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

रवि. १०
सकाळी आईने केस विंचरून घेतले. "असं बघितलं तर घाबरेल तो." चष्मा मागितला. तीन उशा लावून दाराकडे तोंड करून बसवलं.

बाराला विमानतळावर चौकशीचा फोन. "ते उद्या पहाटे साडेतीनला, मॅडम."

सुटायचे सहा तिथले. तिथे शनिवारची संध्याकाळ, तेव्हा इथे रविवारची पहाट. मी सरळ सहात बावीस मिळवले. वीस वर्षं सातवीला रेखांश आणि स्थानिक वेळ शिकवते. वहीत हीच चूक दिसली की लाल रेघ मारते.

चारला आई, "उतरला असेल ना गं?"

सांगून टाकलं. माझं चुकलं, उद्या येईल. खोटं बोलवेना.

"अजून एक दिवस?" एवढंच म्हणाली. चष्मा काढून माझ्या हातात दिला. नंतर पेजेला तोंड उघडलं नाही. पाण्यालाही नाही.

काकी जिन्यात, "कशाला सांगितलंस? वाटेत आहे म्हणायचं नि गप्प बसायचं. तू आणि तुझं खरं."

तिला कळावं म्हणून सांगितलं, की माझं ओझं उतरावं म्हणून?

सोम. ११, सकाळ
लंडनला धुकं. विमान दुपारी दोनला, तेही नक्की नाही म्हणतात. आईचा श्वास मध्येच फार वेळ थांबतो. डॉ.नी नाडी पाहिली, बॅग मिटली, गेले.

काकी म्हणतात, "कानात सांग, आला म्हणून. तेवढंच समाधान."

वाकले. सुधीर आलाय, दोनच शब्द म्हणायचे होते. "आई, मी आहे," असं निघालं तोंडातून.

डोळे उघडले तिने. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून दाराकडे.

आत्ता साडेनऊ. अजून तिकडेच बघते आहे.