तीन फोटोंतला फरक

७ जानेवारी २०२४, रविवार

मिळणार! म्हणजे — मिळू शकतो. निकॉन एफ-टू कॅमेरा. काळा, सगळं हाताने लावायचं, उजेड मोजायचं मीटर-बीटर काही नाही. पाच वर्षं शोधतेय.

बातमी आमोदने दिली. बुधवार पेठेत त्याचं जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे आणि फिल्म कॅमेऱ्यांचं वेड माझ्याएवढंच. म्हणाला, "नारायण पेठेत अनंतकाका म्हणून आहेत. कॅमेरे देऊन टाकतायत. पण आधी परीक्षा घेतात. मी नापास झालो, तू बघ जाऊन."

आज गेले. ऐंशीच्या घरातले, इस्त्रीचा सदरा, ताठ. कंपनीत यंत्रांचे फोटो काढायचे पूर्वी.

"किती कॅमेरे आहेत आपल्याकडे?"

"अकरा."

"आणि हात?"

दोन्ही हात मी ओढणीखाली लपवले.

मग एक पाकीट दिलं. तीन ब्लॅक अँड व्हाइट फोटो, तिन्ही त्यांच्या पत्नीचे. वासंतीकाकू चार वर्षांपूर्वी गेल्या. तिन्हींत खिडकीशी बसून मटार सोलतायत. "एक पेंटॅक्सने काढलाय, एक ऑलिंपसने, एक एफ-टूने. कुठला कशाचा ते सांगायचं. घरी न्या, सावकाश बघा. उत्तर तोंडी, कारणांसकट. नुसतं 'छान आहे' म्हणणारे पुष्कळ येतात."

एफ-टू टेबलावरच होता. हात लावायची हिंमत झाली नाही.

९ जानेवारी

ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या. घरी येऊन भिंग घेऊन फोटो. पहिल्यात सावल्या मऊ आहेत — पेंटॅक्स असणार. दुसरा कडक. तिसऱ्याच्या कडा जरा अंधाऱ्या.

वाटतं. खात्री नाही.

१३ जानेवारी

तुलनेसाठी माझे पेंटॅक्स आणि ऑलिंपस काढले. स्टँड लावून सोसायटीची विटांची भिंत, दोन्हींनी, एकाच उजेडात. लेन्स तपासायला भिंतीसारखं काही नाही. सरळ रेषा, हलत नाही, बोलत नाही.

आई बोलते ना पण! महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलंय, गप्प कशी बसेल. "परत भिंत? पळून जाणार आहे का ती?" थोड्या वेळाने गॅलरीतून पुन्हा — "तुझे फोटो बघून हडपसरचे सगळे गवंडी येतील हां एक दिवस."

१४ जानेवारी, रविवार

नापास!

मी सगळं तयार करून गेले होते. सावल्या, कडा, धार. काका ऐकून घेतात आणि म्हणतात, "ते राहू द्या. पहिल्यात केस कसे आलेत?"

"एक बट कानावर आलीय."

"कुठल्या?"

"डाव्या."

"ओठ?"

"मिटलेले. पण — हसू यायच्या बेतात."

काकांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग, "उत्तर अपुरं आहे. पुढच्या रविवारी या." चहा मात्र उत्तम होता.

२१ जानेवारी, रविवार

या खेपेला दुसरा फोटो. चष्मा नाकावर घसरलेला, करंगळीला चिंधी बांधलेली, मांडीवर एक शेंग पडलीय. मला वाटलं, आता तरी! "बरं बघता," म्हणाले. "पण पुरेसं नाही."

राग यायला हवा होता. नाही आला. परतताना बसमध्ये समोर बसलेल्या बाईंच्या कपाळावरच्या आठ्या मोजत होते. चार. मधली तुटक.

२५ जानेवारी

आमोदचा मेसेज — पास? मी — एटीकेटी.

२८ जानेवारी, रविवार

कसं लिहू.

भिंतीचे प्रिंट लॅबमधून आले होते, त्याच आकाराचे, तसल्याच पाकिटात. निघताना घाईत पाकिटांची अदलाबदल झाली. मी तिथे पोचून पाकीट दिलं. काकांनी वरचा फोटो काढला, जरा तिरका धरला, अंगठा कडेवरून फिरवला आणि म्हणाले, "ही बट बघा. हा उजेड पकडायचा तर लेन्स—"

त्यांच्या हातात विटा होत्या.

मी पाकीट ओढून आत बघितलं. ते थांबले. "काय झालं?"

"काका, ही… आमच्या सोसायटीची भिंत आहे."

काकांनी अंगठा पुन्हा एकदा कडेवरून फिरवला. मग ते हसले. "बरी आलीय का?"

नजर गेल्याला तीन वर्षं झाली, म्हणाले. जिकडे बघावं तिथे मधोमध डाग. कडेकडेचं दिसतं — दार, खुर्ची, माझी ओढणी. चेहरा दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, आता यापुढे काही करता येणार नाही.

"मुलीला विचारलं होतं एकदा, फोटोत काय दिसतं. म्हणाली, आई दिसते." फोटो नीट पाकिटात ठेवला. "तिचं बरोबरच आहे. पण कॅमेरा मिळणार म्हटलं, की लोक निरखून बघतात."

"आणि तिन्हींतला फरक?"

"नाहीच. तिन्ही एफ-टूचे. एका सकाळी काढलेले, दहा मिनिटांत."

आणि मी यांना पेंटॅक्सचा मऊपणा समजावून सांगत होते!

"मी फसवलं तुम्हाला," म्हणाले. "क्षमा करा. कॅमेरा घेऊन जा. खरंच."

समोरच होता. घ्यावासा वाटला — खोटं कशाला लिहू, खूप वाटला. तोंडातून निघालं, "पुढच्या रविवारी बघू. तिसरा फोटो राहिलाय आपला."

४ फेब्रुवारी, रविवार

तिसऱ्याला एक तास लागला. यात काकू मोठ्याने हसतायत, वरचा एक दात किंचित पुढे. तो दात सांगितल्यावर काकांनी स्वतःच्या दाताला बोट लावलं. "हा ना?"

"हाच."

"त्याच्यावरून आमचं भांडण व्हायचं. फोटोत येऊ देत नसे. त्या दिवशी विसरली."

मग मीच चहा केला. साखर कुठे, पातेलं कुठे, सगळं त्यांनी खुर्चीतून सांगितलं, एक वीतभरही चूक नाही.

घरी आल्यावर आईला म्हटलं, खिडकीशी बस. "का? भिंत आजारी आहे?" पण बसली. साडी बदलून बसली! छत्तीसच्या छत्तीस तिचेच काढले. अकरा कॅमेरे, पाच वर्षं, आणि माणसाचा हा पहिला रोल.

लाज वाटली. पण दिवस फार छान गेला.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच काकांचा फोन. "ऐका. एफ-टू देत नाहीये. विचार बदलला. येताना रोल घेऊन या. लेन्सची रिंग बोटांना पाठ आहे, अंतर पावलांनी मोजीन. फोटो मी काढणार. काय आलंय ते तुम्ही सांगायचं."

"पहिला कुणाचा काढणार?"

"तुमचा. तुम्ही कशा दिसता, ते कुठे माहितीय मला?"