ऋषीचं उष्टावण आणि भैरवीचं तिसरं वर्ष

चि. सौ. इंदूले यमुताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर? (जिलेबी सोडा म्हणा त्यांना. सोडणार नाहीत, पण तू म्हणत राहा.) इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं विचारशील तर रविवारपासून छातीतली धडधड बसली नाही. फोनवर सांगतलं नाही, कारण तू मधात हसतेस अन् मग मले राग येते.

आपल्या भैरवीच्या ऋषीचं रविवारी उष्टावण झालं. आता त्यात धडधडण्यासारखं काय, म्हणशील. ऐक वं. भैरवीचं वकिलीचं तिसरं वर्ष बाळंतपणापायी राहून गेलं, तुले माहीतच आहे. ह्या सोमवारी कॉलेजात नाव घालायचा शेवटचा दिवस होता. ह्या वर्षी चुकलं असतं तर पुन्हा कोण जाऊ देते! पण आमचे व्याही दत्तोपंत अडून बसले. इतवारीत भांड्यांचं चालतं दुकान, घरची सून गल्ल्यावर बसली तर बरंच, असं त्यांचं म्हणणं. ‘शिक्षण कशाले असते? पोटासाठी. पोट तर भरलेलं आहे!’ मी म्हणलं, उद्या दुकान नाही चाललं तर वकिलीवर पोट भरन ना! (मले तर बाई शिक्षण म्हणजे नोकरी, एवढंच समजते.) तर भैरवी माझ्यावरच उखडली. म्हणे, आई, पोटाचं तुम्ही दोघं पाहून घ्या, मले शिकलं की माझं म्हणणं नीट मांडता येते, म्हणून शिकाचं आहे. घे! जिची बाजू घ्यावं तीच अंगावर येते.

त्याच भांडणात दत्तोपंत माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुम्ही बारावी झाल्या ना यमुताई? मग काय दिवे लावले?’ चारचौघात, इंदू! माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. जवाई पुष्कर दोन्हीकडे मान डोलवत बसला होता, तो डोलवतच राहिला. त्याच तावात व्याह्यांनी जाहीर केलं, की उष्टावणाले लेकरापुढे वस्तू मांडतो ना आपण? ऋषीनं पुस्तकाले हात लावला तर सून कॉलेजात, तराजूले लावला तर दुकानात. पोट्टं ज्याले पहिला हात लावन ते खरं!

आता आठ महिन्यांच्या लेकराच्या हातात माझ्या पोरीचं तिसरं वर्ष! मले काही झोप आली नाही. रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी पोचली अन् भैरवीच्या कायद्याच्या जाड पुस्तकाले गुळाचं पाणी चोपडून ठेवलं. ऋषीले त्याचा वास आला का तो रांगत सुटते. (उष्टावणाआधी चाटवायचं नसते, हे मले तू शिकवू नको.) व्याही काही कमी नाहीत, त्यांनी तराजूले घुंगरू बांधून ठेवले होते! मले असा संताप आला म्हणतेस, लबाडीलेही काही हद्द असते.

पण गुरुजी तिकडे सदर भागातून येता येता कुठं अडकले कोण जाणे. पाटापुढे तराजू, पुस्तक, अंगठी, मूठभर माती, सगळं मांडून आम्ही ताटकळत बसलो. शेवटी गुरुजी आले, मामानं खीर चाटवली, अन् ऋषीले खाली सोडलं. दत्तोपंतांनी पायानं हळूच तराजू हलवला, घुंगरू वाजले, ऋषी तिकडे वळला. मग त्याचं नाक फुरफुरलं अन् स्वारी पुस्तकाकडे निघाली. हात उचलला, आता लावते, आता लावते... अन् विहीणबाई, देवकीताई, किंचाळल्या, ‘मुंग्या वं माय!’

लाल मुंग्या, इंदू! पुस्तक नुसतं झाकून गेलं होतं. दत्तोपंतांनी झडप घालून ते उचललं, तर मुंग्या बाहीतून थेट बगलेत. ते नाचून राहिले, पुष्कर त्यांना झटकून राहिला, अन् देवकीताईंनी ओल्या फडक्यानं पुस्तक पुसता पुसता बोट हुंगलं, माझ्याकडे एकदा पाह्यलं अन् फडकं मुकाट पदराआड केलं. ह्या गोंधळात ऋषीनं भोकाड पसरलं, रांगत मागं वळला अन् भैरवीचा हात दोन्ही मुठींनी धरून बसला.

दत्तोपंत ओरडले, ‘रद्द! पुन्हा बसवा!’ मी म्हणलं, पुन्हा काहून? आवाज चढले. तेव्हा भैरवी उठली. पण आवाज न चढवता म्हणाली, ‘बाबा, तुम्हीच म्हणले होते, पोट्टं ज्याले पहिला हात लावन ते खरं. त्यानं मले लावला. म्हणजे माझं मी ठरवाचं. मी उद्या नाव घालते. पुढं कोर्टात जाईन का दुकानात बसन, ते शिकल्यावर पाहू.’

व्याह्यांनी बगल खाजवली. ‘दोन वर्षांत एवढं बोलाले शिकली,’ म्हणाले, ‘तिसऱ्यात तर ही पोरगी माझंच दुकान खाली करून घेईन.’ पण बोलता बोलता हसले, इंदू. मग एकच अडवणूक उरली, की सकाळी लेकराले कोण पाहीन? अन् मी सगळ्यांच्या आधी छाती ठोकून म्हणलं, मी!

सोमवारी भैरवीनं नाव घातलं. आनंदानं रडू आलं मले. कळावे, प्रकृतीस जपणे.

तुझी,
यमुताई

ता. क. तुझे गुडघे बरे असतील तर दोन कपडे भरून इकडे निघून ये. ऋषीले सकाळचं तुले पाहावं लागन. मी शब्द देऊन बसली, पण मले जमणार नाही.

ता. क. काहून जमणार नाही, ते भैरवीले अजून सांगू नको. सोमवारी तिच्या मागोमाग निघून मीही बी.ए.ले नाव घातलं. कॉलेज सकाळचंच आहे. ह्या वयात मले नोकरी कोण देते, अन् पाहिजे कोणाले! पण बारावी होऊन काय दिवे लावले, ह्याचं उत्तर त्या दिवशी मले देता आलं नाही. ते नीट देता यावं, एवढंच शिकाचं आहे.